जुन्या मोटारींत टर्बो इंजिन

टांग्याचा म्हातारा घोडा सोडून त्याच्या जागीं तरणाबांड घोडा जुंपला, म्हणजे टांगा अधिक वेगानें धांवणार हें उघड आहे. परंतु जुना साज नव्या घोड्याच्या अंगावर बसतो कीं नाहीं, लगाम त्याच्या तोंडाला होतो कीं नाहीं, याची चौकशी न करतां जो चाबूक उगारतो, त्याच्या नशिबीं रस्त्याकडेचा खड्डा असतो. जुन्या मोटारींत अधिक शक्तीचें इंजिन बसविणाऱ्या हौशी मंडळींची गोष्ट याहून निराळी नाहीं. इंजिन हें लोखंडाचें धूड. तें साखळीनें उचलून जागेवर ठेवण्यास एखाददुसरा दिवस पुरतो. त्याचा साज, म्हणजे तारा, नळ्या आणि बारीकसारीक सुटे भाग जुळविण्यांत मात्र महिने जातात; आणि इंजिन जगणार कीं जळणार, हें त्या साजावरच ठरतें.

या विषयाचें उत्तम उदाहरण म्हणजे स्वीडन देशांतील व्होल्व्हो कंपनीची ‘240’ ही मोटार. 1974 ते 1993 या काळांत अशा 28 लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. चौकोनी बांध्याची ही गाडी स्वीडनमध्यें व अमेरिकेंत दणकट म्हणून नांवाजली गेली. तिच्या उत्तरकाळांतील ‘बी 230 एफ’ हें इंजिन 2316 घन सेंटिमीटरांचें असून अमेरिकेंत विकलेल्या गाड्यांत तें 114 अश्वशक्ति देत असे. त्याच कंपनीच्या 740 या मोटारींत तेवढ्याच मापाचें, पण टर्बो जोडलेलें ‘बी 230 एफटी’ हें इंजिन येई; त्याची शक्ति 160 अश्वशक्तींच्या आसपास होती. मोडीत निघालेल्या 740 मधलें इंजिन काढून तें आपल्या 240 मध्यें बसवावें, असा मोह अनेकांना होतो तो यामुळेंच.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसविलेलीं दोन लहान पंखेदार चाकें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एका चाकाला फिरवितो. त्याबरोबर दुसरें चाक फिरून बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. हवा अधिक, म्हणून पेट्रोलहि अधिक जाळतां येतें आणि शक्ति वाढते. पण दाबलेली हवा तापते. ती थंड करण्यासाठीं इंटरकूलर नांवाची जाळी लागते. शिवाय आधींच दाबलेली हवा सिलिंडरांत पुन्हा फार दाबली, तर पेट्रोल अवेळीं भडकून पिस्टनवर हातोड्यासारखे ठोके बसतात. म्हणूनच साध्या इंजिनांत दाबाचें प्रमाण 9.8 ला 1 असें आहे, तर टर्बो इंजिनांत तें 8.7 ला 1 असें मुद्दाम कमी ठेवलेलें आहे.

दोन्ही इंजिनांचे मुख्य ठोकळे एकाच घराण्यांतले असल्यामुळें जुन्या इंजिनाचे आधार नव्याला लागू पडतात. येथेंच हौशी मनुष्य निर्धास्त होतो आणि येथूनच त्याची कसोटी सुरू होते. 740 च्या पुष्कळ इंजिनांत ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या माथ्यामागें बसविलेला असतो. 240 मध्यें तेथें जागाच नाहीं. मागची पत्र्याची भिंत आड येते. मग मागचें भोंक बंद करून डिस्ट्रिब्यूटर 240 च्या रीतीप्रमाणें ठोकळ्याच्या कुशींत बसवावा लागतो. टर्बोखालून निघणारी धुराची नळी 740 च्या बांध्यासाठीं वळविलेली असते. ती 240 मध्यें जशीच्या तशी जात नाहीं. कंपनीनें 1980 च्या दशकांत 240 चीहि टर्बो आवृत्ति विकली होती. तिची नळी हातीं लागली तर उत्तमच; नाहीं तर लोहाराकडून नवी करून घेणें भाग पडतें. याखेरीज टर्बोला तेल पोंचविणारी बारीक नळी, तें तेल खालीं परत नेणारी जाड नळी, थंडाव्यासाठीं पाण्याच्या नळ्या आणि इंटरकूलरचे रबरी सांधे, एवढा परिवार इंजिनाबरोबर यावा लागतो. यांतील तेलाची परतनळी चेपली किंवा वर चढली, तर तेल टर्बोंतच तुंबतें व गाडी निळा धूर ओकूं लागते.

एवढें झालें तरी तें डोळ्यांना दिसणारें काम होय. खरी परीक्षा तारांची. या इंजिनांत पेट्रोलचें माप बॉश कंपनीची ‘एलएच जेट्रॉनिक’ ही विद्युत्-योजना ठरविते. हवेच्या वाटेंत एक अत्यंत बारीक तार तापवून ठेवलेली असते. वाहती हवा तिला थंड करूं पाहते आणि तिची उष्णता कायम राखण्यास किती वीज लागली, यावरून आंत किती हवा गेली हें नियंत्रक पेटीला कळतें. दुसरी पेटी ठिणगीची वेळ ठरविते. ठोकळ्यावर बसविलेला एक सेन्सर अवेळीं बसणारे ठोके ऐकून तिला सावध करतो, आणि ती लगेच ठिणगी थोडी मागें ओढते. या दोन्ही पेट्या एकमेकींशीं तारांनीं बोलतात. त्यांपैकीं एक जुन्या गाडींतली व दुसरी नव्या इंजिनाबरोबरची ठेवली, तर दोन भाषा बोलणाऱ्या माणसांना एका नांगराला जुंपल्यासारखी गत होते.

या योजनेच्या दोन पिढ्या लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत, 2.2 आणि 2.4. अमेरिकेंतील 240 मध्यें 1989 च्या सुमारास दुसरी पिढी आली. या दुसऱ्या पिढींत इंजिनाची गति व स्थिति ओळखण्यासाठीं फ्लायव्हीलच्या कडेला ठराविक अंतरांवर भोकें पाडलेलीं असतात आणि गिअरबॉक्सच्या कवचावर बसविलेला सेन्सर तीं वाचतो. जुन्या 240 चें फ्लायव्हील गुळगुळीत असतें. म्हणून नव्या पिढीच्या पेट्या जुन्या गाडींत घालावयाच्या, तर फ्लायव्हील आणि सेन्सरची बैठक हींहि त्याच पिढीचीं आणावीं लागतात. तीं राहून गेलीं, तर किल्ली कितीहि फिरविली तरी इंजिन नुसतें गरगरतें. ठिणगी पडतच नाहीं. गिअरबॉक्स पुन्हा उतरविण्याची शिक्षा मग अटळ होते.

इंजेक्टरांचा हिशेबहि असाच आहे. टर्बो इंजिनाचे इंजेक्टर कमी विद्युत्-रोधाचे असतात. समजा, त्यांचा रोध 3 ओहम आहे व बॅटरी 12 व्होल्टची आहे. तर प्रत्येकांतून 4 अँपिअर वीज वाहील. चारही इंजेक्टर एकाच वेळीं उघडत असल्यानें ती 16 अँपिअर होईल आणि पेटीचा अंतर्भाग जळेल. म्हणून वाटेंत रोधकांचा एक लहान डबा घालतात. प्रत्येक तारेंत 6 ओहमांचा रोधक घातला, तर एकूण रोध 9 ओहम होऊन वीज सव्वा ते दीड अँपिअरच्या आंत राहते. साध्या 240 मध्यें हा डबा नसतो, कारण तिच्या इंजेक्टरांचा रोध मुळांतच अधिक असतो. प्लग मात्र बेमालूम बसतो. प्लग बसला म्हणजे भाग जुळला, ही समजूत या कामांत सर्वांत महाग पडते.

आतां ज्या तारांवर हा सर्व संसार उभा करावयाचा, त्यांची अवस्था पाहूं जातां निराळेंच चित्र दिसतें. 1980 ते 1987 च्या दरम्यानच्या पुष्कळ व्होल्व्हो मोटारींत इंजिनाजवळच्या तारांचें वेष्टण उष्णतेनें ठिसूळ होऊन गळून पडतें. हात लावतांच जुन्या भिंतीच्या पोपड्यांप्रमाणें त्याचे तुकडे होतात व आंतील तांबें उघडें पडतें. साध्या इंजिनाशेजारीं कशीबशी तग धरणारी अशी तार तापलेल्या टर्बोशेजारीं फार दिवस टिकत नाहीं. दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या, तर गाडी बंद पडणें हें अल्पावर निभावलें म्हणावयाचें. जवळ पेट्रोलची नळी असल्यास आगीचें भय असतें. अशा वेळीं चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेणें म्हणजे कुजलेल्या वाशाला रंग देणें होय. तारांचा संपूर्ण जुडगा नवा घालावा, हेंच खरें. अर्थिंगच्या तारा जेथें इंजिनाला जोडलेल्या असतात, त्या जागा घासून लखलखीत कराव्या. पेट्रोलच्या रिलेमधील डाक तडकतो, तोहि उघडून पाहावा.

सर्वांत मोठा धोका मात्र गाडीच्या मागल्या अंगाला लपलेला असतो. 240 मध्यें एक लहान पंप पेट्रोलच्या टाकींत व दुसरा मोठा पंप गाडीखालीं असतो. टाकींतला पंप निकामी झाला, तरी साधें इंजिन चालत राहतें. खालचा पंप तेवढा कण्हतो. पण टर्बोनें हवेचा दाब वाढविला कीं पेट्रोलची मागणी एकदम वाढते, आणि आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? हवा पुष्कळ व पेट्रोल अपुरें, असें मिश्रण अतिशय तापतें व अवेळीं भडकतें. मग पिस्टनची कड वितळते किंवा फुटते. हें सर्व कांहीं क्षणांत, बहुधा चढावर किंवा पुढच्या गाडीला मागें टाकतांना, म्हणजे शक्तीची खरी गरज असतांनाच घडतें. महिन्यांची मेहनत व सांठविलेला पैसा त्या एका चढावर जातो.

म्हणून जाणते लोक सुटें इंजिन विकत घेत नाहींत. मोडीत निघालेली पण चालती मोटार अखंड घेतात. ती मोडण्यापूर्वीं सुरू करून पाहतात. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधतात. पेट्या, हवामापक, इंजेक्टर, रोधकांचा डबा, फ्लायव्हील व सेन्सर हीं भावंडें एकाच घरांतून उचलतात, आणि बसविल्यावर मल्टीमीटरनें एकेक तार तपासूनच किल्ली फिरवितात. क्लच व ब्रेक वाढलेल्या शक्तीला पुरतील असे करतात. पहिले कांहीं दिवस पेट्रोलचा दाब आणि मिश्रण मोजल्याखेरीज ते गाडी जोरांत हांकीत नाहींत.

जुनें इंजिन सोशिक होतें. मालकाच्या लहानसहान चुका तें पोटांत घालीत असे. नवें इंजिन हिशेबी आहे. त्याला जें ठाऊक असतें तें तारांतून आलेलें असतें, आणि तारेनें खोटें सांगितलें तर तें खोट्यावर विश्वासून आपला जीव देतें. साखळीनें इंजिन उचलण्याआधीं ज्यानें तारांचा नकाशा कागदावर उतरवून घेतला, त्याचें निम्में काम तेथेंच झालें.