कळा आणण्याचा निर्णय आणि वेदनाशमनाचे पर्याय

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांना पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत नवी नाही. सासर गोव्यात वा पुण्यात असले, तरी सातवा महिना सरता लेक माहेरी येते. मायेच्या दृष्टीने ही रीत उत्तम. वैद्यकीय दृष्टीने तिच्यात एक अडचण आहे. आठ महिने तपासणारे डॉक्टर एका गावी राहतात आणि प्रसूती दुसऱ्याच गावी, अनोळखी इस्पितळात होते. अशा वेळी तारीख उलटली, रक्तदाब चढला किंवा पाणी जाऊनही कळा सुरू झाल्या नाहीत, की नवे डॉक्टर ‘कळा आणाव्या लागतील’ असे सांगतात आणि घरात एकच धांदल उडते. ही धांदल बव्हंशी टाळता येण्याजोगी आहे.

कळा आणणे म्हणजे प्रसूती आपोआप सुरू होण्याची वाट न पाहता औषधाने किंवा साधनाने ती सुरू करणे. गर्भ पोटात राहण्याचा धोका बाहेर येण्याच्या धोक्याहून अधिक झाला, म्हणजेच हा मार्ग धरावा, हे त्यामागचे मूळ तत्त्व. एकेचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर वाट पाहत राहिल्यास मृतजन्माची शक्यता थोडी थोडी वाढत जाते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्या टप्प्यावर कळा आणण्याची शिफारस करते. गरोदरपणातील उच्च रक्तदाबासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली असतील, तर सदतिसाव्या आठवड्यानंतर सहसा थांबत नाहीत. मधुमेह, बाळाची खुंटलेली वाढ, कमी झालेले गर्भजल ही आणखी काही कारणे. मुहूर्त साधणे किंवा जावयाची रजा संपत येणे हे मात्र कारण नव्हे.

निर्णय घेण्याआधी डॉक्टर गर्भाशयाचे मुख तपासतात. ते किती उघडले, किती पातळ व मऊ झाले, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली उतरले, यांना गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप या अमेरिकी डॉक्टरांनी १९६४ मध्ये मांडली. तेरापैकी आठ वा अधिक गुण असतील तर प्रसूती सुरळीत सुरू होण्याची आशा चांगली. सहा किंवा त्याहून कमी असतील, तर मुख आधी ‘पिकवावे’ लागते. आपले गुण किती, हे प्रत्येक स्त्रीने विचारून घ्यावे. पुढे बारा तास लागतील की दोन दिवस, याचा अंदाज त्याच आकड्यावरून येतो. पहिलटकरणीला दीड-दोन दिवस लागले, तर काही बिघडले असे समजण्याचे कारण नाही.

मुख पिकवण्याचे मार्ग मुख्यतः तीन. प्रोस्टाग्लॅंडिनची जेल योनीमार्गात ठेवतात; मिसोप्रोस्टॉलची अल्प मात्रेची गोळी पोटात देतात; किंवा फोलीची रबरी नळी मुखातून आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा पाण्याने फुगवतात, म्हणजे दाबाने मुख उघडू लागते. यांपैकी बरे कोणते, या प्रश्नाचा महत्त्वाचा अभ्यास मराठी मुलखातच झाला आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय येथे २०१३ ते २०१५ या काळात उच्च रक्तदाब असलेल्या ६०२ गरोदर स्त्रियांवर तो करण्यात आला आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने घेतलेल्यांपैकी ५७ टक्के स्त्रियांची चोवीस तासांत नैसर्गिक प्रसूती झाली. फोलीच्या नळीने हे प्रमाण ४७ टक्के होते. कळा अतितीव्र होण्याचे प्रकार दोन्हींत अगदी तुरळक आढळले. चाचणी झाली ती गर्दीच्या सरकारी इस्पितळांत. त्यामुळे ग्वाल्हेर असो वा बांबोळी, आपल्याकडील परिस्थितीला हे आकडे अधिक जवळचे आहेत.

गोळी स्वस्त आणि प्रभावी असली तरी सर्वांसाठी नाही. आधीचे सिझेरियन झाले असेल, तर मिसोप्रोस्टॉलमुळे जुना टाका उसवून गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. ही माहिती नव्या डॉक्टरांपासून चुकूनही दडून राहता कामा नये. म्हणून जुन्या शस्त्रक्रियेचा कागद, रक्तगट, सोनोग्राफीचे अहवाल आणि चालू औषधांची यादी असलेली फाइल ही बाळंतिणीच्या पिशवीतली पहिली वस्तू. बाळाचे झबले त्यानंतर.

मुख तयार झाले की पाणमोट फोडतात आणि ऑक्सिटोसिनचे सलाइन लावतात. हे औषध थेंबाथेंबाने, कळा व बाळाचे ठोके मोजत वाढवायचे असते. दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या, तर बाळाला प्राणवायू कमी पडू शकतो आणि सलाइन कमी वा बंद करावे लागते. उत्तर भारतातील खेड्यांतून कळा वाढवण्यासाठी हेच औषध दंडात वा कमरेत टोचण्याची घातक प्रथा आहे. एकदा टोचलेले औषध परत काढता येत नाही. भिंड, मुरैना किंवा शिवपुरीकडे आप्तांकडे असताना कोणी ‘एक सुई लावून देतो, लवकर मोकळी होईल’ म्हणाले, तर ठाम नकार द्यावा. (दुभत्या जनावरांवरील गैरवापर रोखण्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना या औषधाच्या निर्मितीस बंदी केली होती, दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी हे औषध अत्यावश्यक आहे.)

आता वेदनांचा प्रश्न. आपोआप सुरू झालेल्या कळा हळूहळू चढत जातात आणि शरीराला सवय व्हायला अवधी मिळतो. सलाइनने आणलेल्या कळा पुष्कळदा लवकर जोर धरतात. त्यामुळे कळा आणायचे ठरले, त्याच दिवशी वेदनाशमनाविषयी बोलून ठेवावे. ‘आम्ही नाही का सोसल्या?’ हा आजीचा प्रश्न आदराने ऐकून घ्यावा. निर्णय मात्र जिला सोसायचे आहे तिचा.

सर्वांत प्रभावी उपाय एपिड्युरलचा. भूलतज्ज्ञ कमरेत मणक्यांच्या मधून एक बारीक नळी पाठीच्या कण्याच्या आवरणाबाहेर ठेवतो आणि तिच्यातून सौम्य औषध देत राहतो. पंधरा-वीस मिनिटांत वेदना ओसरतात. स्त्री जागी असते, बोलू शकते. मुख चार सेंटिमीटर उघडेपर्यंत ते देऊ नये, हा समज आता मागे पडला आहे. एपिड्युरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले. जोर देण्याचा टप्पा मात्र लांबू शकतो. रक्तदाब उतरणे, खाज, ताप, पाय जड होणे, लघवीसाठी नळी लागणे हे त्रास संभवतात, आणि सुमारे शंभरात एखादीला नंतर तीव्र डोकेदुखी होते. कंबर आयुष्यभर दुखते, हे आपल्याकडील सर्वांत पक्के भय. त्याला पुरावा नाही. गरोदरपण, मूल उचलणे आणि वाकून दूध पाजणे यांनी कंबर दुखतेच, आणि दोष सुईला मिळतो.

एपिड्युरल सर्वांना देता येत नाही. रक्तातील प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ ठेवण्यासाठी हेपरिनची इंजेक्शने सुरू असतील, तर मणक्याजवळ रक्तस्रावाचा धोका असतो. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, हे तासासकट सांगावे लागते. रक्तदाब वाढलेल्या स्त्रीला एपिड्युरलचा उपयोगच होतो, परंतु तिच्या प्लेटलेट आधी तपासतात.

भूलतज्ज्ञ नसेल तेथे ट्रॅमाडॉल वा पेथिडीनची इंजेक्शने मिळतात. त्यांनी वेदना पूर्ण जात नाहीत, गुंगी व मळमळ येते. पेथिडीन जन्माच्या अगदी आधी दिले गेले, तर बाळाचा श्वास मंद पडू शकतो. काही ठिकाणी नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचा समभाग वायू मुखवट्यातून स्वतःच ओढून घेण्याची सोय असते. परिणाम सौम्य, पण लगेच येणारा आणि लगेच जाणारा. चालणे, गरम पिशवी, कंबर चोळणे यांचाही उपयोग होतो. विश्वासाचे माणूस जवळ असणे हाही उपचारच आहे. केंद्र सरकारने २०१६ पासून सरकारी इस्पितळांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मुभा दिली आहे. ती सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली आणि न घाबरणारी असावी.

ग्वाल्हेरमध्ये गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न कमलाराजा इस्पितळ आहे, जसे गोव्यात गोमेकॉ. सरकारी इस्पितळात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि आहार विनामूल्य आहेत. खासगी ठिकाणी एपिड्युरलचा खर्च निराळा लागतो काय, हे आधीच विचारावे.

पाणी हिरवट गेले, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोके दुखून डोळ्यांसमोर अंधारी आली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखल व्हावे. एरवी दाखल होण्यापूर्वी हलके खाऊन, झोप काढून निघावे. पुढची रात्र जागी जाण्याची शक्यता असते. आणि मध्यरात्रीनंतर भूलतज्ज्ञ इस्पितळात हजर असतो की घरून बोलवावा लागतो, याची चौकशी आदल्या दिवशी, उजेडीच करून ठेवावी.