गरोदरपणातील चहा-कॉफी : कॅफीनचे प्रमाण आणि लोहशोषणाचा प्रश्न

गरोदर स्त्रीने कॉफी किती प्यावी, याविषयीचे संशोधन बहुतांशी युरोप-अमेरिकेतील आहे. सटाणा परिसरात, किंबहुना साऱ्या कसमादे पट्ट्यात, कॅफीन पोटात जाते ते मुख्यतः चहातून. यास्तव प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार चहाच्या कपाच्या मापाने केला आहे.

दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ सालची शिफारस आहे. गर्भपात व कमी वजनाचे बाळ हे दोन धोके टाळणे हा तिचा हेतू होय. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तर गाळीव कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे चार कप चहातून १२० ते २६० मिलिग्रॅम. कडक चहा पिणारीने दोन-तीन कपांवर थांबावे, हे उत्तम.

ही मर्यादा गरोदरपणातच का, याचे कारण शरीरक्रियेत आहे. एरवी निम्मे कॅफीन सुमारे ५ तासांत रक्तातून नाहीसे होते. शेवटच्या तिमाहीत त्यास १५ तासांपर्यंत अवधी लागतो. सकाळी सातच्या चहातील निम्मे कॅफीन रात्री दहालाही शिल्लक असू शकते. ते वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते आणि गर्भाच्या यकृतात त्याचे विघटन करणारे विकर जवळजवळ नसते. तथापि धोक्याविषयीचे पुरावे प्रामुख्याने निरीक्षणात्मक आहेत. निकोप गरोदरपणात मळमळ अधिक असते व मळमळीमुळे कॉफी आपोआप सुटते. त्यामुळे कारण कोणते व परिणाम कोणता, हे वेगळे करणे कठीण जाते.

आपल्याकडे मात्र याहून मोठा प्रश्न कपांच्या संख्येचा नसून वेळेचा आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. बाजरीची भाकरी, मेथी, मटकी यांतील लोह वनस्पतिजन्य असते आणि चहातील पॉलिफिनॉल द्रव्ये त्यास आतड्यातच बांधून ठेवतात. जेवणासोबतच्या चहाने हे शोषण निम्म्याहून अधिक घटल्याचे प्रयोगांत आढळले आहे. दूध घातल्याने हा दोष जातो, हा समजही प्रयोगांत टिकलेला नाही. (कॅफीनविरहित चहा आणला तरी पॉलिफिनॉल राहतातच.) सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. गोळीने मळमळते म्हणून ती चहाच्या घोटाबरोबर घेतली, तर १८० दिवसांचा हा उपचार बऱ्याच अंशी वाया जातो. आणि रक्त वाढले नाही की दोष गोळीला दिला जातो.

जेवणापूर्वी व नंतर किमान एक तास चहा टाळावा, असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. पहाटे चहा घेऊन शेतावर जाणारी स्त्री न्याहारीची भाकरी तासाभराने सोडत असेल, तर तिला चहा बंद करण्यास सांगण्याची गरज नाही. न्याहारीबरोबर शेतावर येणारी चहाची किटली तेवढी तासभर उशिरा यावी, भाकरीसोबत लिंबाची फोड असावी आणि गोळी रात्री निजताना पाण्याबरोबर घ्यावी.