‘५० टक्के + २० टक्के सूट’ म्हणजे ७० टक्के नव्हे! सहावी ते आठवीच्या मुलांनी शिकून घ्यावा असा बाजारचा हिशेब

फलटण तालुक्यातल्या मुलांना टक्केवारी काही नवी नाही. सकाळी डेअरीवर दूध घातलं की फॅट किती लागली, यावर दर ठरतो. उसाचा भाव साखर उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी जाहीर केली आणि उतारा त्यापुढे ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे उतारा ११.२५ टक्के असेल तर दर ३८९ रुपये ६० पैसे होतो. हा हिशेब घरातली मोठी माणसं तोंडी करतात. विकताना आपण पैशा-पैशाचा हिशेब ठेवतो. खरेदी करताना मात्र पाटीवर लिहिलेला आकडा खरा मानून मोकळे होतो.

बालभारतीच्या पुस्तकांत सहावीला शतमान आणि नफा-तोटा, सातवीला बँक व सरळव्याज आणि आठवीला सूट व कमिशन शिकवलं जातं. मार्क मिळवण्यापलीकडे या धड्यांचा उपयोग कुठे होतो? पाहूया सहा रोजच्या उदाहरणांतून.

१. सुटीवर सूट: बेरीज का चालत नाही?

समजा, ड्रेसची किंमत १,००० रुपये आहे आणि दुकानावर ‘५० टक्के + २० टक्के सूट’ असा फलक आहे. पहिली सूट वजा केली की उरतात ५०० रुपये. दुसरी २० टक्के सूट मूळ हजारावर मिळत नाही. ती उरलेल्या ५०० वर, म्हणजे १०० रुपयेच मिळते. तुम्ही देणार ४०० रुपये. म्हणजे एकूण सूट ६० टक्के, ७० नव्हे.

‘दोनवर एक मोफत’ म्हणजे तीन वस्तू दोनच्या भावात. सूट झाली ३३ टक्क्यांच्या आसपास, तीही तिन्ही वस्तू लागणार असतील तरच. ‘२५ टक्के जादा’ लिहिलेल्या पुड्यात १०० ऐवजी १२५ ग्रॅम मिळतात. दर मात्र २० टक्क्यांनीच स्वस्त पडतो.

२. किंमत तीच, वजन कमी

१० रुपयांचा बिस्किटपुडा १०० ग्रॅमचा होता, तो ८५ ग्रॅमचा झाला असं धरा. किंमत वाढली नाही असं वाटतं. पण किलोचा दर काढा: आधी १०० रुपये, आता सुमारे ११७ रुपये ६५ पैसे. वजन १५ टक्क्यांनी घटलं, तर भाव साडेसतरा टक्क्यांहून जास्त चढला.

म्हणून वस्तू घेताना किंमत पाहावी, तसा एका ग्रॅमचा किंवा किलोचा दरही पाहावा. बंद पाकिटावर एमआरपीजवळ तो बारीक अक्षरात छापलेला असतो. मोठा पुडा नेहमीच स्वस्त पडतो असंही नाही. शाम्पूच्या छोट्या पुड्या कधी कधी बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. भागाकार करा, मग ठरवा.

३. बाजारात पावशेरचा भाव

आठवडे बाजारात ‘वीस रुपये पावशेर’ अशी हाक ऐकू येते. पावशेर म्हणजे बोलीत पाव किलो, २५० ग्रॅम. चारने गुणलं की किलोचा भाव ८० रुपये. शेजारचा विक्रेता ‘चाळीस रुपये अर्धा किलो’ म्हणत असेल तर भाव अगदी तोच. तिसरा ‘सत्तर रुपये किलो’ म्हणत असेल तर तो स्वस्त, पण घरी किलोभर भाजी संपणार आहे का, हेही पाहायला हवं. सडून टाकलेली पाव किलो भाजी धरली तर ७० रुपयांत पाऊण किलोच मिळाली. म्हणजे दर ९३ रुपयांच्या वर गेला.

४. रिचार्जचा तेरावा महिना

मोबाईलचा ‘महिन्याचा’ पॅक बऱ्याचदा २८ दिवसांचा असतो. ३६५ भागिले २८ केले तर उत्तर १३ येतं. म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. पॅक २९९ रुपयांचा धरला तर वर्षाचा खर्च ३,५८८ ऐवजी ३,८८७ रुपये. घरात तीन मोबाईल असतील तर फरक ८९७ रुपयांचा.

प्रत्येक कंपनीने किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा पॅक ठेवावा, असा आदेश ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये दिला आहे. तुलना करताना पॅकची किंमत भागिले दिवस, हा एकच आकडा पाहा.

५. एमआरपीवर जीएसटी वेगळा लागतो का?

नाही. एमआरपीमध्ये सर्व कर धरलेले असतात. त्यावर वेगळा जीएसटी लावणं किंवा एमआरपीपेक्षा जास्त पैसे मागणं नियमाला धरून नाही. शाळेच्या खरेदीपुरतं लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिल आणि खोडरबर यांवर जीएसटी शून्य आहे.

इथे एक गंमत आहे. १८ टक्के जीएसटी धरून वस्तू ११८ रुपयांना असेल तर त्यात कर किती? ११८ चे १८ टक्के म्हणजे २१ रुपये २४ पैसे, हे उत्तर चुकीचं. कर मूळ १०० रुपयांवर लागला, म्हणून तो १८ रुपये.

६. हप्ता आणि ‘शेकडा तीन’

सगळ्यात महाग पडणारी चूक व्याजात होते. गावात ‘शेकडा तीनने पैसे घेतले’ असं सहज बोललं जातं. ते तीन रुपये दरमहाचे असतात. वर्षाचा दर होतो ३६ टक्के. १० हजारांवर वर्षाला ३,६०० रुपये नुसतं व्याज, मुद्दल तसंच. राज्यात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे आणि परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे.

आता हप्त्यावरचा मोबाईल. १२ हजारांचं कर्ज, १२ हप्ते, ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’. व्याज १,४४० रुपये, हप्ता १,१२० रुपये. पण मुद्दल दर महिन्याला हजाराने कमी होत जातं: १२ हजार, ११ हजार असं करत शेवटी एक हजार. या बारा आकड्यांची सरासरी ६,५०० येते. म्हणजे वर्षभर तुमच्याकडे सरासरी साडेसहा हजारच होते आणि व्याज दिलं १,४४० रुपये. ढोबळ हिशेबाने दर २२ टक्क्यांवर गेला.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँका आणि वित्तकंपन्यांनी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो मागून घ्या.

शाळेत आणि घरी काय करता येईल?

मातृभाषेतून आणि मुलांच्या अनुभवातून शिकण्याची परंपरा फलटणला आहे. मूळच्या अमेरिकेच्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी इथेच राहून प्रगत शिक्षण संस्था उभी केली; संस्थेची कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा १९८६ पासून सुरू आहे. गणिताच्या तासाला खरी बिलं आणायला खर्च काहीच येत नाही.

आठवडाभर एवढं करून पाहा:

● किराण्याचं बिल मुलांनी वाचावं, बेरीज तपासावी.
● घरातल्या पाच पाकिटांचा किलोचा दर वहीत लिहावा.
● घरातल्या सर्व मोबाईलचा वर्षाचा रिचार्ज खर्च काढावा.
● चालू असलेल्या एखाद्या हप्त्याचं एकूण व्याज पालकांसोबत मोजावं.

बिलात फसवणूक वाटली तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ क्रमांकावर फोन करा. अनेक घरांत स्मार्टफोन सगळ्यात सफाईने वापरणारं माणूस सातवी-आठवीतलं मूल असतं. ‘थांबा, आधी हिशेब करू’ असं ते काउंटरवर म्हणालं तर त्याला गप्प करू नका. त्या मिनिटभराने घरचे शेकडो रुपये वाचू शकतात.