आवाज नसलेली शर्यत आणि पाहणारा माणूस

मागच्या व्याख्यानात आपण 'साक्षी' या कल्पनेबद्दल बोललो होतो. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी मला गाठून विचारलं, "सर, हे साक्षी वगैरे ठीक आहे, पण साधा प्रेक्षक म्हणजे कोण? तिकीट काढून बसणारा?" प्रश्न साधा होता, पण मला काही झटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून आज मी तुम्हाला तत्त्वज्ञानाच्या वर्गात न नेता हैदराबादला नेणार आहे, मोटारींच्या शर्यतीला. हसू नका. सत्तरी ओलांडलेला माणूस नातीच्या हट्टापायी कुठेही जातो.

तारीख ११ फेब्रुवारी २०२३. हुसेन सागर तलावाच्या काठाने जाणारे नेहमीचे रस्ते बंद करून तिथे २.८३ किलोमीटरचा, १८ वळणांचा मार्ग आखला होता. शर्यत 'फॉर्म्युला ई'ची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची जागतिक मालिका. ही मालिका २०१४च्या सप्टेंबरात बीजिंगला सुरू झाली आणि भारतात ती पहिल्यांदाच आली होती. माझा पुतण्या हैदराबादला असतो, त्यामुळे उतरायची सोय होती. नात शेजारी, आणि माझ्या डाव्या कानात श्रवणयंत्र. हे यंत्र लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम आहे.

आधी आवाजाबद्दल

ग्रेटर नोइडाला २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं पेट्रोलवरच्या फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तिथे गेलेला माझा एक विद्यार्थी सांगत असे, "सर, तो आवाज कानांनी ऐकू येत नाही, छातीत ऐकू येतो." आता हैदराबादला काय होतं? गाडी समोरून गेली की एक बारीक, चढत जाणारी शीळ. ब्रेक मारला की टायरांचा घासल्याचा आवाज. आयोजक हा आवाज सुमारे ८० डेसिबल असल्याचं सांगतात, म्हणजे गर्दीच्या रस्त्याच्या जवळपासचा. सुरुवातीच्या हंगामात तर शर्यत चालू असताना संगीत वाजवायचा प्रयोगही त्यांनी केला होता. म्हणजे आवाज नसल्याची चुटपुट त्यांनाही होतीच की!

खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन फेऱ्यांत मलाही चुकल्यासारखं झालं. आपल्यापैकी काहींनी शंकरपट पाहिला असेल. तिथे धावपट्टी सरळ आणि लहान असते. बैलजोडी सुटली की धुरळा, आरोळ्या, आणि काही सेकंदांत निकाल. सगळं डोळ्यांसमोर घडतं, कुणी समजावून सांगायची गरज नाही. इथे मात्र मला दिसत होतं एक वळण, तेही जाळीच्या कुंपणाआडून. १८ पैकी १७ वळणं पडद्यावर. मग मी नातीला म्हटलं, "अगं, हे घरी बसून टीव्हीवर पाहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ती म्हणाली, "आजोबा, गाडीकडे नका बघू. आकडा बघा."

न दिसणारी गोष्ट

पडद्यावर प्रत्येक चालकाच्या नावापुढे टक्केवारी येत होती, शिल्लक ऊर्जेची. आता हे जरा समजून घेऊ, कारण सगळी मेख इथे आहे.

सगळ्या गाड्यांची बॅटरी सारखीच, आणि शर्यतीला मिळणारी ऊर्जाही सारखीच. ही ऊर्जा अशी मोजून दिलेली असते, की सतत पूर्ण वेगाने गेलात तर शेवटपर्यंत पुरणार नाही. मग करायचं काय? वळण येण्याच्या बरंच आधी पॅडलवरून पाय उचलायचा आणि गाडी तशीच वाहू द्यायची. ब्रेक लावताना मोटर उलटं काम करते, गाडीची गती खाऊन वीज बनवते आणि बॅटरीत परत टाकते. २०२३च्या हंगामात जी नवी गाडी आली तिला मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच ठेवले नव्हते, ते काम मोटरकडेच दिलं होतं. शर्यतीत वापरलेल्या ऊर्जेपैकी जवळपास ४० टक्के ऊर्जा अशी ब्रेकमधून परत मिळवलेली असते, असं या गाडीबद्दल सांगितलं जातं. पुढच्या गाडीच्या मागे मागे राहिलं की हवेचा विरोध कमी होतो, तिथेही बचत. म्हणजे पुढे असणं हा फायदाच असतो असं नाही. आपल्या आज्या महिन्याचा किराणा जसा पुरवत असत, तसा हा खेळ आहे. सर्वांत वेगवान माणूस जिंकेल असं नाही. ज्याला कधी थांबायचं ते कळतं, तो जिंकतो.

आणि गंमत बघा, हा पाय उचलण्याचा क्षण प्रेक्षकाला दिसत नाही, ऐकूही येत नाही. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाचा सूर पडला की कान सांगतो, त्याने पाय काढला. इथे निर्णय गुपचूप होतो. शर्यतीतली सर्वांत महत्त्वाची घटना अदृश्य आहे!

शेवटच्या फेऱ्यांचं सांगतो. पुढे फ्रान्सचा जाँ-एरिक व्हर्न, मागे न्यूझीलंडचा निक कॅसिडी. कॅसिडीकडे ऊर्जा जास्त शिल्लक, व्हर्नकडे कमी. नुसत्या डोळ्यांना काय दिसत होतं? दोन गाड्या, एकीमागे एक, अंतर तेवढंच. कंटाळवाणं दृश्य. पण आकडा वाचता येत असेल तर? पुढचा माणूस रिकाम्या होत चाललेल्या तिजोरीवर बसून दार अडवून धरतोय, आणि मागच्याच्या खिशात पैसे आहेत पण वाट नाही. माझ्या तळहाताला घाम आला होता. व्हर्न अर्ध्या सेकंदाहूनही कमी फरकाने जिंकला.

यात आणखी एक धडा मिळाला. तिसऱ्या क्रमांकावर रेषा ओलांडली सेबास्तियां बुएमीने. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. नंतर कळलं, की त्याच्या गाडीने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरली होती. त्याला दंड झाला, तो खाली घसरला, आणि तिसरं स्थान अंतोनियो फेलिक्स दा कोश्ताला मिळालं. हजारो डोळ्यांनी जे पाहिलं ते निकाल ठरलं नाही. निकाल यंत्रातल्या नोंदीने ठरवला. आता सांगा, आम्ही पाहिलं ते काय होतं?

पाहणं म्हणजे काय?

ग्रीक भाषेत 'थिओरिआ' असा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ पाहणं. दुसऱ्या नगरात उत्सव किंवा क्रीडास्पर्धा असल्या की पाहायला जो अधिकृत प्रतिनिधी पाठवत, तो 'थिओरॉस'. आज आपण ज्याला थिअरी म्हणतो, सिद्धान्त म्हणतो, तो शब्द मैदानाच्या कठड्यावरून आलेला आहे! पायथागोरसच्या नावावर एक गोष्ट सांगतात. ऑलिम्पिकच्या मेळ्याला तीन प्रकारचे लोक येतात. काही खेळायला, काही माल विकायला, आणि काही नुसते पाहायला. त्यांतले तिसरे श्रेष्ठ, आणि तत्त्वज्ञ म्हणजे हे तिसरे.

आयुष्यभर मी ही गोष्ट वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगितली. हैदराबादला बसल्यावर मला त्यातली उणीव कळली. 'नुसतं' पाहणं असं काही नसतंच. आपल्या अभिनवगुप्ताने हे चांगलं ओळखलं होतं. रसाचा आस्वाद कोण घेतो? सहृदय. आणि सहृदय जन्मजात नसतो. सतत सहवासाने, अभ्यासाने ज्याचं मन आरशासारखं स्वच्छ झालंय, तो सहृदय. रागदारी कळत नसलेल्या माणसाला विलंबित ख्याल म्हणजे एकच ओळ घोळवणं वाटतं. त्या स्टॅंडमध्ये माझी नात सहृदय होती आणि मी, तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, अडाणी होतो.

मोठा आवाज काय करतो? तो ही अभ्यासाची अट माफ करतो. काही कळो न कळो, अंगावर काटा येतोच. तो आनंद खोटा आहे असं मी म्हणणार नाही. विजेच्या शर्यतीने तो आनंद काढून घेतलाय, हे नुकसान आहे, आणि ते नुकसान म्हणूनच मान्य केलं पाहिजे. पण बदल्यात काय मिळालं?

आता माझं श्रवणयंत्र. लग्नात डीजे सुरू झाला की मी हे यंत्र काढून खिशात ठेवतो. मिरवणुकीतही तेच. म्हणजे शेकडो माणसांत बसलेलो असतो, आणि एकटा. गेली काही वर्षं 'सोहळा' या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ तोच झालाय. त्या दिवशी शर्यत संपेपर्यंत यंत्र कानात होतं. नात बोलत होती, मी विचारत होतो, पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून आमच्या चर्चेत पडले. तिने मला पाहायला शिकवलं ते बोलून, आणि बोलता आलं कारण गाड्या बोलू देत होत्या.

कुंपणाबाहेर

या मालिकेत पूर्वी एक चमत्कारिक नियम होता, 'फॅनबूस्ट'. प्रेक्षकांनी आपल्या आवडत्या चालकाला मतं द्यायची, आणि जास्त मतं मिळालेल्यांना शर्यतीत थोडी जादा शक्ती मिळायची. सांख्यांचा पुरुष नुसता पाहतो, करत काहीच नाही. इथे पाहणाऱ्यालाच कर्ता केलं! २०२३च्या हंगामापासून हा नियम गेला, आणि मला वाटतं बरंच झालं. लोकप्रियतेने वेग मिळू लागला तर मग शर्यत कशाची?

पण प्रेक्षक कर्ता नसतो असंही नाही. परत येताना रस्ते वळवलेले, आम्ही रिक्षात अडकलेलो. रिक्षावाले दखनीत म्हणाले, "रास्ते बंद, धंदा बंद. हमारे कू क्या मिला, साब?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जी शर्यत शहराच्या स्वच्छ हवेसाठी म्हणून शहराच्या मधोमध भरवली जाते, ती बघायला मी तिकीट काढलं होतं. त्याचा दिवसाचा रस्ता माझ्या तिकिटात धरलेला होता, त्याला न विचारता. शर्यत शांत होती म्हणून ती कुणाला टोचली नाही, असं नव्हे.

पुढच्या वर्षी तेलंगणात सरकार बदललं होतं. २०२४ची ठरलेली शर्यत जानेवारीत रद्द झाली, आणि शर्यतीच्या पैशांवरून पुढे बराच वाद झाला. त्यात मी पडत नाही. पण 'कुणाच्या खर्चाने पाहिलं?' हा प्रश्न रिक्षावाल्यांनी आधीच विचारला होता, एवढं नोंदवून ठेवतो.

तर त्या श्रोत्यांच्या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं. तिकीट काढून बसतो तो प्रेक्षक होण्याचा उमेदवार. समोर जे दिसत नाही ते समजून घ्यायची तयारी ज्याची आहे, तो प्रेक्षक. आणि कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडेही ज्याची नजर जाते, त्याला कदाचित साक्षी म्हणता येईल. मी स्वतः अजून दुसऱ्या पायरीवर आहे. तिथवर पोचलो तेही नातीने हाताला धरून नेलं म्हणून.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, फक्त उजव्या बाजूने.