दोन अक्षरांचा बैल

गेल्या मे महिन्यात इंदूरला बहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला. दुपारच्या उन्हात बाहेर पडणे अशक्य, म्हणून भाचरे स्क्रॅबलचा पट मांडून बसली होती. या खेळात अक्षरांच्या सोंगट्या जुळवून इंग्रजी शब्द तयार करावयाचे असतात. भाच्याने 'ओ' आणि 'एक्स' ही दोनच अक्षरे मांडून नऊ गुण पदरात पाडून घेतले. शब्द झाला 'ऑक्स', म्हणजे बैल. धाकट्या भाचीने लगेच त्यापुढे 'ई' आणि 'एन' लावून 'ऑक्सन' केले व अकरा गुणांवर हक्क सांगितला.

"अनेकवचनाला 'एस' लागतो!" भाऊ गरजला.

कोश उघडला, तो बहिणीचे म्हणणे खरे ठरले. "पण असे का, मामा?" दोघांनी विचारले. "अपवाद आहे," एवढेच मी सांगितले. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला हे उत्तर शोभणारे नव्हते.

मुलांची आजी जवळच वाती वळीत बसली होती. आजींना इंग्रजी येत नाही. त्यामुळे पटाशेजारी असूनही त्या खेळाबाहेरच असत. त्यांनी विचारले, "बैलाला काय म्हणालात रे?"

"ऑक्स, आजी."

"मग हा आपला उक्षाच की!"

मुले हसली. आजींनी लहानपणी वडिलांजवळ अमरकोश पाठ केला होता, आणि त्यात बैलाच्या नावांचा आरंभच 'उक्षा' या शब्दाने होतो. मलाही प्रथम गंमतच वाटली, कारण केवळ उच्चारातील साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे. तरीही मी विचारले, "आजी, उक्षाचे अनेकवचन काय होईल?"

"राजा, राजानः, तसेच उक्षा, उक्षाणः."

वाचकहो, भाचीच्या हातातील 'एन' हाच तो 'न'! संस्कृतात मूळ शब्द 'उक्षन्' असा नकारान्त आहे. प्राचीन इंग्रजीतही एका बैलाला 'ऑक्सा' आणि अनेकांना 'ऑक्सान' म्हणत. त्या काळी इंग्रजीत असे नकार धरणारे शब्द पुष्कळ होते. पुढे त्यांतील बहुतेकांनी 'एस' स्वीकारला. बैलाने मात्र आपला 'न' सोडला नाही. ज्याला आपण अपवाद म्हणतो, तो येथे जुन्या नियमाचा अवशेष आहे. ऑक्सफर्ड या नगराच्या नावाचा अर्थ 'बैलांचा उतार' असा असून, त्याच्या जुन्या रूपातही हा 'न' दिसतो.

याचा अर्थ इंग्रजी संस्कृतातून जन्मली असा मात्र नव्हे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असा विचार मांडला. इंग्रजीही त्याच कुळातील असल्याचे पुढील अभ्यासाने सिद्ध झाले. म्हणजे या दोघी मायलेकी नव्हेत, दूरच्या बहिणी होत. बैलामागची गाडीही दोघींनी माहेरूनच आणलेली दिसते. संस्कृत 'अक्ष' म्हणजे गाडीचा आस, इंग्रजीत 'ॲक्सल'. संस्कृत 'युग', मराठी 'जू', इंग्रजी 'योक'.

अर्थ मात्र थोडा सरकला आहे. वैदिक उक्षा हा वळू, तर इंग्रजी ऑक्स हा सामान्यतः खच्ची केलेला, ओढकामाचा बैल. वळूला इंग्रजीत 'बुल' म्हणतात. भाषांतरकाराने हा भेद विसरला, तर नांगराला वळू जुंपला जाईल आणि शेतकरी वाचक हसतील!

खेळात या लहानशा शब्दाला एवढे मोल का? अमेरिकन वास्तुशिल्पी आल्फ्रेड बट्स यांनी १९३० नंतरच्या मंदीत हा खेळ रचला. स्क्रॅबल हे नाव त्याला १९४८ साली मिळाले. वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून, विरळ अक्षराला अधिक गुण असे तत्त्व त्यांनी ठेवले. म्हणून 'ओ'ला एक गुण, तर 'एक्स'ला आठ. अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात 'एक्स' मांडून आडवा व उभा असे दोन 'ऑक्स' एकदम साधले, तर पन्नास गुण होतात. याच शब्दाआधी एकेक अक्षर जोडले की 'फॉक्स' आणि 'बॉक्स' होतात. पण त्यांचे बैलाशी नाते नाही, केवळ शेजार आहे.

दुसऱ्या दिवशी पट पुन्हा मांडला गेला. गुणांच्या कागदावर भाचीने तिसरा रकाना आखला होता. मुलांच्या शब्दाचा संस्कृत किंवा मराठी नातलग सांगावयाचा, आणि कोशाने तो मान्य केला तर गुण घ्यावयाचे, असा नवा नियम ठरला होता. रकान्यावर लिहिले होते : आजी.