विक्षिप्त म्हणण्याआधी

माणसांच्या वेगळेपणासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. बोलण्यापूर्वी कॉलर सारखी करणं ही लकब, नखं कुरतडणं ही खोड. सकाळी ठरवलेला बेत दुपारी मोडणारा तो लहरी. जगरहाटी सोडून वागणारा, तरीही हवाहवासा वाटणारा तो वल्ली, पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ने हा शब्द घरोघरी नेला. इतके नेमके शब्द हाताशी असताना आपण सरसकट ‘विक्षिप्त’ म्हणून मोकळे होतो. ही सवय सोडायला हवी.

संस्कृतात विक्षिप्त म्हणजे विखुरलेलं. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमींपैकी ती एक: अधूनमधून स्थिरावणारं, पण टिकून न राहणारं चित्त. हिंदीत या शब्दाचा अर्थ वेडा असा होतो, मराठीत तऱ्हेवाईक. अर्थ बदलतातच आणि मराठीतला अर्थ सौम्य आहे, मग बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. बिघडतं ते वापरात. वाचून झालेल्या वर्तमानपत्राची घडीवर घडी जुळवल्याशिवाय ते खाली न ठेवणारे आजोबा विक्षिप्त आणि हाताखालच्या माणसांचा चारचौघांत पाणउतारा करणारा साहेबही विक्षिप्त! आजोबांमुळे कोणाचं काही अडत नाही; साहेब मात्र अन्याय करतो. या एका शब्दाने आजोबांच्या निरुपद्रवी शिस्तीवर बोट ठेवलं जातं आणि साहेबाचा उर्मटपणा ‘त्यांचा स्वभावच तसा’ म्हणून खपून जातो.

वेगळं वागणं ही आजाराची सुरुवातही असू शकते, हा आक्षेप रास्त आहे. वागण्यात एकाएकी बदल झाला, झोप उडाली, रोजची कामं जमेनाशी झाली, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण तेव्हाही ‘विक्षिप्त’ हा शब्द उपयोगाचा नाही. उलट तो दुखणं झाकतो. आणि निव्वळ चारचौघांसारखं न वागणं म्हणजे आजार नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 हेच सांगतो: समाजातल्या प्रचलित नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक धारणांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. म्हणून शब्द निवडताना एवढंच पाहावं, या वागण्याचा त्रास कोणाला होतो? कोणालाच नसेल, तर ती लकब. तिला जागा द्या. दुसऱ्याला होत असेल, तर त्याला उर्मटपणा म्हणा, छळ म्हणा. त्या माणसालाच होत असेल, तर नाव ठेवू नका, मदत करा.