वडापाव, प्रोलॅक्टिन आणि डीएमची तीन वर्षं

मेंदूच्या तळाशी जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची एक ग्रंथी असते, पिट्युटरी. समजा, एमआरआयमध्ये तिथे चार सेंटिमीटरची गाठ दिसली. ती प्रोलॅक्टिन हे हार्मोन ओतणारी असेल, तर रक्तात त्याचा आकडा हजारांत हवा. रिपोर्ट सांगतो, 90. एवढी वाढ तर दुसऱ्या जातीची गाठ नुसती दाब देऊनही घडवते. मग काय, शस्त्रक्रिया?

राउंडवरचे सर मात्र रेसिडेंटकडे वळतात. “अरे, एवढी मोठी गाठ आणि प्रोलॅक्टिन एवढंसं? लॅबला फोन कर. सॅम्पल शंभरपट पातळ करून पुन्हा लावायला सांग.”

पातळ केल्यावर आकडा वाढेल? चक्क वाढू शकतो! कसा ते पाहा. या तपासणीत दोन अँटिबॉडी असतात. त्यांना पावाचे दोन अर्धे समजा आणि हार्मोनला वडा. यंत्र मोजतं ते फक्त पुरे जमलेले वडापाव. आता वड्यांचा महापूर आला, तर पावाच्या प्रत्येक अर्ध्याला स्वतःचा वेगळा वडा मिळतो. जोड्या जमतच नाहीत. हार्मोन इतकं जास्त, की रिपोर्टमध्ये ते कमी दिसतं! पातळ केलं की वडे आवाक्यात येतात आणि खरा आकडा बाहेर पडतो. मग बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच, साधारण आठवड्यातून दोनदा घेऊन, गाठ आक्रसू लागते. शस्त्रक्रिया टळली, ती एका फोनमुळे.

असा फोन करायचं सुचतं कुठून? आपल्याकडे साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी आणि त्यानंतर एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे हार्मोनशास्त्रात, डीएमची आणखी तीन. पण नुसत्या वर्षांनी काही होत नाही. असा रुग्ण समोर येणं आणि त्याच वेळी टोकणारं कुणीतरी शेजारी असणं, दोन्ही जुळून यावं लागतं.

काही गोष्टी तर हाताखाली घडल्याशिवाय येतच नाहीत. इन्सुलिन टॉलरन्स टेस्ट घ्या. जन्मभर रुग्णाची साखर घसरू नये म्हणून जपणारा डॉक्टर इथे शिरेतून इन्सुलिन देऊन ती मुद्दाम 40 च्या खाली उतरवतो! का? संकट आलं की पिट्युटरीने कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढवायला हवं. ती वाढवते का, हे बघायला. रुग्णाला दरदरून घाम फुटलेला, रेसिडेंट ग्लुकोज हाताशी ठेवून खाटेशी बसलेला. घाईने ग्लुकोज दिलं तर तपासणी वाया, उशीर झाला तर जिवाशी खेळ. फेफरं किंवा हृदयविकार असलेल्यांना तर ही तपासणी वर्ज्यच. हा धीर कुठल्या पेपरात तपासणार?

ब्रिटनमध्ये या विषयाची वेगळी लेखी परीक्षा आहे, आणि चांगली आहे. तिथल्या प्रशिक्षणार्थींची जुनी तक्रार निराळीच: जनरल मेडिसिनच्या ड्युट्या एवढ्या, की स्वतःच्या विषयाच्या ओपीडीला वेळ उरत नाही. आपल्याकडे रुग्णांचा तुटवडा नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. टंचाई आहे ती, माझ्या मते, सरांच्या निवांत अर्ध्या तासाची. अभ्यासक्रम कितीही सुधारा, गर्दीच्या ओपीडीत तो अर्धा तास कुठून काढणार?

आणि रिपोर्टने फसवायला प्रत्येक वेळी गाठच हवी असं थोडंच आहे! टीएसएच कमी, टी-फोर जास्त, रिपोर्टवर थायरॉइड उसळलेलं; समोरच्या बाई मात्र शांत, नाडी संथ, हात स्थिर. तयार डॉक्टर औषध लिहिण्याआधी विचारतो, “ताई, केस गळू नयेत म्हणून काही घेता का?” अशा गोळ्यांतला बायोटिनचा मोठा डोस काही यंत्रांच्या तपासणीत घुसून हेच दोन्ही आकडे उलटेपालटे करतो. गोळ्या दोन-तीन दिवस बंद, रक्त पुन्हा, आणि थायरॉइड ठणठणीत!